तूट

स्मरणिकेसाठी दोन पानं मागितलीत तुम्ही.
संस्थापकांची माहिती, फोटोसह.
फोटो नाही.
अख्ख्या करावे गावात एकच निघाला, त्यांच्या नातवाकडे,
त्यात छत्री स्पष्ट दिसते
आणि छत्रीखाली कुणीतरी वाकलेलं.

माझ्याकडे वही आहे.
मिठागराची. लाल कापडी पुठ्ठा.
कपाट कितीही घट्ट लावलं तरी
श्रावणात तिची पानं ओलसर होतात,
अंगात मीठ आहे म्हणून.
छापील रकाने: नाव. गोणी. वजन. तूट.

हाशा गोमा केणी तोलार होते तिथे.
नव्या वहीला पैसे नव्हते,
तर त्यांनी हीच वही उलटी धरली
आणि शेवटच्या पानापासून शाळा सुरू केली.
गोणीखाली इयत्ता. वजनाखाली वय, अंदाजे.
आणि तूट म्हणजे
जो आला नाही तो.

"बामा, तूट दोन दिवस. कोलीम आली."
"चांगू, तूट. बांध फुटला, बापासंगती गेला."
"पोशी, तूट. भाऊ सांभाळते."
"पोशी, तूट."
"पोशी, तूट."
मग पट्टी धरून मारलेली एक रेघ
आणि रेघेच्या टोकाला: लग्न.

ओहोटीच्या चिखलावर काठीने अक्षरं गिरवून घ्यायचे,
भरती यायच्या आत पाठ करा म्हणायचे, असं सगळेच सांगतात.
वहीत ते नाही.
मी लिहिणार नाही.

लोखंडे सरांचा मात्र फोटो आहे, हारासकट.
मंगळवेढ्याहून आले, कोठाराची शाळा केली.
मान्यतेसाठी ठाण्याला जिल्हा परिषदेच्या बाकावर
तीन हिवाळे बसले,
तिथल्या कारकुनांच्या मुलांची नावं त्यांना पाठ होती.
आम्हाला मारायचे. मलाही,
बे साते अडकलं म्हणून.
घटना लिहिली, मंडळ नोंदवलं,
आणि पहिल्याच सभेत केणींना खुर्ची नव्हती,
चौथी नापास माणूस पदाधिकारी कसा होणार?
ते दारात उभे राहिले
आणि आत गेलेली माणसं मोजली. अकरा.
वहीत आहे ते. तूट: एक.
कोण, ते लिहिलेलं नाही.

पुढे सिडकोचा मोजणीदार आला.
नकाशात आमच्यावर शिक्का पडला: गोदाम, पडीक.
सात-बारावर शाळा नावाचं पीक नव्हतं.
बामाच्या विधवेने, हिराबाईने,
आपल्या साडेबारा टक्क्यांतला तुकडा दिला
तेव्हा आम्हाला पत्ता मिळाला, सेक्टरसकट.
तिच्या पोरांनी दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला.
हेही छापा, नाहीतर नुसतं 'दानशूर' लिहाल.

आता समोर सव्वीस मजले आहेत.
त्यांची मुलं पिवळ्या बसने दुसरीकडे जातात,
त्यांच्या वॉचमनची माझ्याकडे येतात,
नेपाळची, यवतमाळची, गुलबर्ग्याची.
यंदा पहिलीत नऊ.
हजेरी मोबाइलवर भरते मी.
त्यात 'अनुपस्थित' आहे,
कारणाला जागा नाही.

गेल्या महिन्यात पोशीबाई आली,
पणतवाच्या दाखल्यासाठी, अंगठा द्यायला.
म्हणाली, माझा नाव हाय काय अजून?
मी वही काढली. पान सापडलं.
तिने बोट ठेवलं, नेमकं त्याच रकान्यावर.
काय लिवलंय?

एकोणीस वर्षं मुख्याध्यापिका आहे मी.
वाचलं: पोशी. हजर.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग वही माझ्याकडे सरकवली.
"खोटा बोलतंस, बाय.
हाशाकाका असा लिवनारा नवता."

फोटोच्या चौकटीत एवढंच घाला.
वही मात्र छापखान्यात देणार नाही,
तिथे पंखे लावतात,
कोरडी पडेल.